सूचना आणि टोमणा

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांमध्ये ‘अपैशुन’ हा गुण सांगितला आहे. पैशुन म्हणजे चहाडी, असा अर्थ बहुधा केला जातो. परंतु ‘पिशुन’ या शब्दाला सुचविणारा, झाकलेले उघडे करणारा असाही अर्थ आहे. अमरकोशात त्याच्या लगतच ‘कर्णेजप’ आणि ‘सूचक’ हे शब्द येतात. कानाशी लागून कुजबुजणारा तो कर्णेजप. आणि सूचक शब्दाचे नाते सूचीशी, म्हणजे सुईशी आहे.

1638 साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. घरी मराठी, दारी कन्नड. कन्नडात अशा बोलण्याला ‘चुच्चु मातु’ म्हणजे टोचणारे बोल, किंवा ‘कोंकु मातु’ म्हणजे वाकडे बोल म्हणतात. मराठीत टोमणा, खोचक बोलणे. भाषांची कुळे निराळी, पण जखम एकच.

अशा एखाद्या घरात सासूबाई मुलीकडे पाहून म्हणतात, “आमच्या वेळी उन्हे अंगणात येईतो निजायची रीत नव्हती हो!” लेकी बोले, सुने लागे. सुनेने विचारलेच, तर उत्तर तयार असते : “मी तुला कोठे म्हटले? आणि खोटे तरी काय म्हटले?”

या दोन्ही सबबी तपासून पाहिल्या पाहिजेत. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी वचन सत्य हवे, तसेच उद्वेग न करणारे, प्रिय व हितकर हवे, असे म्हटले आहे. यांपैकी एकही उणे असेल तर ते वाङ्मय तप नव्हे, असे श्रीशंकराचार्य स्पष्ट करतात. म्हणजे केवळ सत्याचा आधार पुरत नाही. शिवाय “तुला म्हटले नाही” हे सांगणे तर उघड असत्यच होय.

मग दोष दाखवूच नये काय? दाखवावा. आडून बोलणेही सर्वदा वाईट नव्हे. चारचौघांत कोणी उणे पडू नये म्हणून सुज्ञ माणूस सूचनेनेच बोलतो. कसोटी एवढीच की, त्या आडपडद्याने रक्षण कोणाचे होते? ऐकणाऱ्याचे होत असेल तर ती दया. बोलणाऱ्याचे होत असेल तर ते पैशुन.

सुई टोचते, तशी फाटलेले सांधतेही. ज्या गृहिणीला सुनेचे हित हवे, तिने तिला एकांती जवळ बसवून, प्रेमाने व सरळ सांगावे. त्या घरी उद्वेगाला जागा उरणार नाही.