चेसी नंबर

जुन्या जीपचं इंजिन बांधायचं की ती भंगारात घालायची, याचा एक ठोकताळा गॅरेजात ऐकायला मिळतो: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की नाद सोडावा. हिशेब सोपा आहे, पण त्यातली किंमत पुण्याच्या बाजारातली असते. केळदहून आजारी माणसाला रात्री वेल्ह्याला आणायचं असेल, किंवा तांदळाची पोती घेऊन पाबे घाट चढायचा असेल, तेव्हा त्या जीपचं मोल काय, हे तो बाजार सांगू शकत नाही.

किलोमीटरचा आकडाही तसाच फसवा. जुन्या मीटरला बहुधा पाचच घरं, लाख झाले की पुन्हा शून्य. त्यात केबल कधी तुटली ते कुणाला आठवत नाही. आकडा खरा असला तरी सातारा रस्त्यावर टॉप गिअरमध्ये सरकलेला किलोमीटर आणि महाडहून भोरला येताना वरंध घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढलेला किलोमीटर एका मापाचे कसे मानायचे? म्हणून जाणता मिस्त्री मीटरकडे फारसं बघत नाही. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढून आतून धूर किती फेकला जातोय ते तो पाहतो. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा असेल तर आधी पंप-नोझल. रिंगा, पिस्टन, लायनर, बेअरिंगा, सगळं बदलता येतं. मग तो गाडीखाली शिरतो, आणि खरा निकाल तिथे लागतो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी रथ हे सुट्या भागांच्या आधारानं चालणारं नुसतं नाव ठरतं. आपल्या परिवहन खात्यानं मात्र या प्रश्नाचा निकाल लावून टाकला आहे. इंजिन बदला, रीतसर नोंद करा, गाडी तीच राहते. चेसीवर कोरलेला नंबर नाहीसा झाला, की बाकी सगळं शाबूत असूनही कागदोपत्री गाडी उरत नाही. तत्त्वज्ञान म्हणून हे उत्तर भाबडं आहे, पण वेल्ह्यात ते नेमकं लागू पडतं.

कारण इथला पाऊस इंजिनला नव्हे, लोखंडाला खातो. चेसीच्या पोकळ भागात चिखल शिरतो, महिनोन्‌महिने ओला राहतो आणि पत्रा आतून सडत जातो. वरचा रंग छान दिसत असतो. हातोडीनं ठोकलं की निरोगी लोखंड खणखणतं, सडलेलं भदभद वाजतं. जिथे पाटे अडकवलेले असतात तिथेच सडका आवाज आला, तर वेल्डिंगच्या ठिगळावर विसंबून माणसं भरू नयेत. इंजिन बसलं तर जीप घाटात उभी राहील. पाट्याची पकड सुटली तर कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

‘आत्ताच तर क्लच टाकला’ हा युक्तिवाद मी तरी धरत नाही. तो पैसा गेला. प्रश्न फक्त पुढच्या पैशाचा असतो.

तोरण्याच्या डागडुजीत धन सापडलं आणि ते खर्चून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असं परंपरा सांगते. नवीच गाडी घ्या म्हणणाऱ्यांना ही गोष्ट आवडेल. पण १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे १२ किल्ले स्वराज्यात राहिले, त्यांत राजगडाबरोबर तोरणाही होता. शिवाय नव्याचं स्वतःचं दुखणं असतंच. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ राहायला बराच वेळ सलग, वेगात गाडी चालावी लागते. वाडी ते आठवडे बाजार अशा छोट्या फेऱ्यांत तो तुंबण्याची भीती. जुन्या जीपचा पंप नसरापुरात खोलता येतो, नवीला स्कॅनर लावावा लागतो.

तेव्हा चेसी खणखणीत असेल तर इंजिन बांधावं, असं माझं मत. बाजारभाव काहीही म्हणो. मात्र त्याआधी पासिंगचं बघावं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, वर राज्याचा पर्यावरण कर. मुदत संपत आली असेल तर इंजिन खोलण्याआधीच चेसी तपासून, डागडुजी करून घ्यावी, आणि तीही मेमध्ये. जूनमध्ये उघड्या शेडात चेसी सुकायची नाही.