परक्या गावची चूल



पावसाळा लागला की रविवारच्या मिस्सेनंतर आपल्या चर्चच्या अंगणात एकच विषय निघतो. कुणाचा मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगला लागला, कुणाची मुलगी नागपूरला नर्सिंगला गेली. फी, बस, घरमालक एवढे बोलून झाले की आयांचा खरा प्रश्न येतो, रूमवर भांडी काय काय द्यायची?

मागे हा प्रश्न आमच्याही घरी आला. मुलाला अमरावतीला एक खोली मिळाली. खोली, मोरी आणि ओटा म्हणून एक कडप्पा. आम्ही दोघांनी बसून यादी केली. एकतीस नग झाले! कढई, झारा, सराटा, किसणी, मसाल्याचा डबा, पाच लिटरचा कुकर. ज्या मुलाने जन्मात पोळी लाटली नाही, त्याला पोळपाट-लाटणेही दिले. गॅसची मात्र सोय सोपी निघाली. पाच किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना हे ठाऊक असलेले बरे.

दिवाळीत त्याला आणायला गेलो तर कुकर खोक्यातच होता. वापरात होता एक लहान गंज, एक ताट आणि एक चमचा. गंजात सकाळी चहा, सुट्टीच्या दिवशी खिचडी, परीक्षेत मॅगी. ताट हेच झाकण. रात्रीचा डबा खानावळीतून यायचा. बाकी सगळे पोत्यात, खाटेखाली. मुलगा उपाशी राहील ही भीती आमची होती आणि ती आम्ही पोत्यात भरून त्याच्या खाटेखाली ठेवून आलो होतो.

मग आवश्यक म्हणजे काय? हा प्रश्न दिसतो तेवढा स्वयंपाकघरापुरता नाही. इस्राएल लोक मिसर देशातून रातोरात निघाले तेव्हा पिठात खमीर मिसळायला वेळ नव्हता. निर्गमाच्या पुस्तकात आहे की भिजवलेल्या पिठासकट त्यांनी आपल्या काठवटी कपड्यात गुंडाळल्या आणि खांद्यावर घेतल्या. पुढची चूल कुठे पेटणार हे माहीत नव्हते, पण काठवट सोडली नाही. त्याच रात्रीच्या वर्णनात सोन्याचांदीचाही उल्लेख आहे. त्या लोकांच्या कानातल्या सोन्याचे पुढे वासरू झाले, हे आपण जाणतोच.

तात्पुरत्या घरात माणूस कशासाठी आला आहे, त्यावर आवश्यक काय ते ठरते, असे आम्हाला वाटते. आपल्या वऱ्हाडातून कितीतरी कुटुंबे उपचारासाठी मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात जातात. खर्ऱ्याने आणि तंबाखूने आपल्याकडे काय केले आहे ते वेगळे सांगायला नको. रेडिएशन सहा-सात आठवडे चालते, तेवढे दिवस कुठेतरी बिऱ्हाड करावे लागते. तोंडाच्या कॅन्सरच्या रोग्याला चावता येत नाही, पुष्कळदा गिळणेही कठीण होते. वरण-भात, भाजी, सगळे पातळ करून द्यावे लागते. गावी ज्या घरात पाट्या-वरवंट्यावर भागते, त्या घराला तिथे पहिली वस्तू लागते ती मिक्सर, आणि दुसरी बारीक गाळणी. घरी आपण जिला चैन म्हणालो असतो, ती तिथे तव्याच्याही आधी येते. यादी घरून पाठ करून नेता येत नाही ती अशी.

आता आमची चूक सांगतो. खाटेखालचे ते पोते आम्ही अकोल्याला परत आणले. घरात जागा नव्हती. नाताळ जवळ आला होता. दिवाळीनंतर मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याकडून, अनेक कोरकू कुटुंबे कामासाठी खाली उतरतात. काही वीटभट्ट्यांवर राहतात आणि पावसाळ्याच्या तोंडी परत जातात. गावाबाहेरच्या एका भट्टीवर आम्ही ते पोते घेऊन गेलो. कच्च्या विटा रचून केलेली झोपडी, दाराशी तीन विटांची चूल. तिथल्या बाईने सगळे नग एकेक करून हाताळून पाहिले. मग एक गंज आणि एक परात बाजूला ठेवली, आणि बाकीचे नीट पोत्यात भरून आमच्याकडे सरकवले. जाताना डोक्यावरून न्यावे लागते, ती म्हणाली. एस.टी.त पोरे धरायची की भांडी?

खरे सांगायचे तर आम्हाला राग आला. परतीच्या वाटेवर आम्ही एकमेकांना सांगत होतो की कुकर नवा कोरा होता. यांना गरज असती तर घेतला असता, हे वाक्यही आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघाले. कोणाच्या ते आता महत्त्वाचे नाही.

या बाबतीत आपल्याच मातीतल्या गाडगेबाबांची आठवण होते. 1876 साली शेंडगावला जन्मलेला हा माणूस एक मातीचे गाडगे घेऊन देशभर हिंडला. त्याच गाडग्यात भाकर खायची, त्यातच पाणी प्यायचे. 1956 साली अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, तोवर त्यांच्या नावावर घर म्हणावे असे काही नव्हते. कीर्तनात ते लोकांना सांगत की वेळ पडली तर जेवणाचे ताट मोडा, हातावर भाकर घ्या, पण पोराला शाळेत घाला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. आमच्या मुलाने एका ताटात वर्ष काढले, ते बाबांना आवडले असते.

पण तेवढ्यावर थांबलो तर बाबा अर्धेच समजले. स्वतःला एक गाडगे पुरे म्हणणाऱ्या या माणसाने पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला, मुंबईला धर्मशाळा उभ्या करवल्या. गोरगरिबांसाठी अन्नदान घातले, तिथे मोठमोठी भांडी चुलीवर चढली. तिथे त्यांनी कोणाला गाडग्यात भागवा म्हणून सांगितले नाही. स्वतःसाठी कमी मागणे वेगळे आणि दुसऱ्याला कमी पुरते असे आपणच ठरवणे वेगळे. दोन्हींना आपण साधेपणा म्हणतो. दुसऱ्याचा साधेपणा आपल्याला फार स्वस्त पडतो! आणि आम्ही तर त्याच्याही पलीकडे गेलो होतो. आमच्या घरातली अडगळ उचलून तिला दान म्हणालो होतो. मुलाला देताना भीतीने दिले, भट्टीवर देताना जागा करायला दिले. विचारले दोघांनाही नव्हते.

काही दिवसांनी आम्ही रिकाम्या हाताने भट्टीवर गेलो आणि काय लागते ते विचारले. तिने विचार करायलाही वेळ घेतला नाही. घट्ट झाकणाचा एक डबा हवा होता, पीठ ठेवायला. भट्टीची राख आणि वाऱ्याची धूळ सगळ्यात जाते, रात्री कुत्री येतात, आणि भाकरीत कचकच लागली की लहान पोर जेवत नाही. जाताना? जाताना त्याच डब्यात सगळे भरता येईल, गंजसुद्धा. आमच्या एकतीस नगांत असा एकही डबा नव्हता.

घरी आमच्याकडे तसे दोन डबे आहेत, तेलाचे, पंधरा-पंधरा किलोंचे, घासूनपुसून झाकण बसवलेले. एकात ज्वारी, एकात गहू. दोन्ही रोजच्या वापरातले. त्या रात्री आमच्यात थोडी बोलाचाली झाली. बाजारातून नवा आणू, असेही एकदा ठरले. मग गव्हाचा डबा रिकामा केला. गहू सध्या पोत्यात आहेत, त्याच, अमरावतीहून आणलेल्या. उंदरांची काळजी आहे, तेवढी रोज करावी लागते.