किती वीज पुरे? : सौर पॉवर स्टेशन आणि अपरिग्रहाचा प्रश्न

पोर्टेबल सौर पॉवर स्टेशन म्हणजे एका पेटीत बसवलेली लिथियम बॅटरी, तिची वीज २३० व्होल्टला आणून देणारा इन्व्हर्टर आणि सौर पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारा नियंत्रक. गडावरचा मुक्काम, तलावाकाठचा तंबू, वीज न पोहोचलेले शेतघर अशा ठिकाणी ही पेटी नेली जाते. विकत घेताना पहिला प्रश्न बहुधा खिशाचा असतो : परवडेल त्यात सर्वांत मोठी कोणती? त्याआधी आणखी एक प्रश्न आहे आणि तो भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे : माणसाने जवळ किती बाळगावे? शास्त्रकारांनी तो धान्य, जमीन, सोने यांच्या संदर्भात विचारला. विजेच्या बाबतीत तो शहरातल्या घरात सहसा उठतच नाही, कारण भिंतीतल्या तारेमागचा साठा दिसत नाही आणि हिशेब महिनाअखेरीस येतो. पेटीतली वीज मात्र मोजकी असते आणि उरली किती, हे समोरच्या पडद्यावर दिसत राहते. म्हणून अपरिग्रहाचा प्रश्न इथे आकड्यांत मांडता येतो, आणि तो तसा मांडलाच पाहिजे.

पतंजलीने योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर अपरिग्रह हा पाचवा यम सांगितला. त्यावरच्या व्यासभाष्यात वस्तूंचा स्वीकार का टाळावा याची पाच कारणे दिली आहेत : वस्तू मिळवण्यात दोष आहे, राखण्यात आहे, तिच्या नाशात आहे, तिच्याशी जडणाऱ्या संगात आहे आणि तिच्यापायी घडणाऱ्या हिंसेत आहे. ही पाच कारणे संन्याशासाठी सांगितलेली असली, तरी बॅटरी विकत घेणाऱ्या गृहस्थाला त्यांच्याइतकी उपयोगी कसोटी क्वचितच दुसरी सापडेल.

सर्वांत महत्त्वाचा दोष संगाचा, कारण पेटीचा आकार तोच ठरवतो. चार माणसांच्या दोन रात्रींच्या मुक्कामाचा हिशेब पाहता येईल. पाच वॉटचे दोन एलईडी दिवे रोज पाच तास लावले तर ५० वॉट-तास लागतात. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास मावतात; चार फोन रोज पूर्ण भरले तर भरतानाच्या गळतीसह ९० ते १०० वॉट-तास खर्च होतात. कॅमेऱ्यासाठी आणखी २० धरले तर रोजची गरज १७० च्या आत राहते. दोन दिवसांचे ३४० होतात, आणि इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के वाया जातात असे धरले तरी ४०० वॉट-तासांत सगळे भागते. म्हणजे ५०० वॉट-तासांची पेटी पॅनेलशिवायही पुरते.

मग हजार-दोन हजार वॉट-तासांच्या पेट्या कशासाठी घेतल्या जातात? बहुतेक वेळा उष्णतेसाठी. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळी येईपर्यंत तापवायला सुमारे ८७ वॉट-तास लागतात. किटलीतली गळती धरली तर शंभरच्या आसपास. चार-पाच जणांच्या एकदाच्या चहात चार फोन भरण्याइतकी वीज जाते. शिवाय इंडक्शन शेगडी किंवा विजेची किटली १५०० ते २००० वॉट एकदम ओढते, म्हणून इन्व्हर्टरही तेवढ्या ताकदीचा लागतो. दिवे, फोन, कॅमेरा यांनी पेटी कधीच मोठी होत नाही. ती मोठी होते घरातले स्वयंपाकघर जंगलात उचलून नेण्याच्या इच्छेने. संग म्हणतात तो हाच : वस्तू गरजेपोटी येते आणि आल्यावर आपल्या मापाची नवी गरज तयार करते. चहासाठी छोटा गॅस-स्टोव्ह नेला तर हा सगळा डोलारा एका निर्णयात खाली येतो.

इथे एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, आसक्तीवरून केली आहे. दोष मनातल्या मोहात असेल, तर दोन हजार वॉट-तासांची पेटी बाळगणारा निर्मोही असू शकतो आणि एका टॉर्चसाठी जीव टाकणारा परिग्रही. व्याख्या म्हणून हे खरेच आहे. पण त्याच जैन परंपरेने गृहस्थाला केवळ निर्मोही राहायला सांगून सोडले नाही. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे : किती जमीन, किती धन, किती धान्य, याची हद्द स्वतः ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. त्याला पूरक असे भोगोपभोग-परिमाण व्रतही आहे, ज्यात एकदा वापरून संपणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा वापरायच्या अशा दोन्ही गोष्टींना मर्यादा घातली जाते. आसक्ती मोजता येत नाही आणि मन स्वतःला सहज फसवते, वस्तू मात्र मोजता येतात. म्हणून व्रत आकड्याचे घेतले जाते. वॉट-तास ठरवून मग खरेदीला जाणे आणि खरेदी झाल्यावर तिच्यासाठी उपयोग शोधणे, यांतला फरक याच व्रतात नेमका पकडलेला आहे.

याच परंपरेत विजेबद्दल आणखी मूलगामी वाद झाला आहे. जैन जीवविचारात अग्नी हा तेजस्काय जीवांचा देह मानला जातो. मग वीज सजीव की निर्जीव? तिला सजीव मानणारे साधू-साध्वी दिवा, पंखा, ध्वनिवर्धक यांपासून दूर राहतात, तर तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ यांनी ती निर्जीव असल्याची बाजू मांडली. बॅटरीतली वीज तारेतल्या विजेपेक्षा निराळी ठरते का, हा उपप्रश्न त्यातूनच येतो. बाहेरच्या माणसाला हा वाद शाब्दिक वाटेल, पण बटण दाबणे हे नैतिक कृत्य आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि ते गृहीत मोलाचे आहे.

साठवणेच मुळात दोषास्पद आहे काय, हा पुढचा प्रश्न. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. मराठी वाचकाला हा संवाद एकनाथी भागवतातून परिचित आहे. त्यात मधमाशी गुरू आहे. साठा करणारा साठ्यासकट नाश पावतो, म्हणून भिक्षूने संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी काही ठेवू नये, हा तिचा धडा. सूर्यही गुरू आहे : तो किरणांनी पाणी घेतो, योग्य वेळी परत देतो आणि कशातच अडकत नाही. सौर बॅटरी या दोन गुरूंच्या मधोमध उभी आहे. दुष्काळात धान्य कोठारात कोंडले की दुसऱ्याचा घास जातो. पॅनेलवर पडलेले ऊन साठवले नाही तर ते उष्णता होऊन विरते आणि साठवले तरी शेजाऱ्याचे ऊन कमी होत नाही. गांधीजींनी १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांत अपरिग्रहाला अस्तेयाशी जोडले : गरज नसलेली वस्तू जवळ ठेवणे हीही एक प्रकारची चोरीच. त्या कसोटीवर साठवलेले ऊन निर्दोष ठरते. दोष असलाच तर तो साठवणाऱ्या यंत्रात आहे.

कारण यंत्र उन्हाने बनत नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट लागते. जगातले बहुतांश कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि तिथल्या हातखाणींत लहान मुले राबल्याच्या नोंदी आहेत. लिथियमचा एक मोठा स्रोत चिलीतील अटाकामाचे वाळवंट आहे. तिथे खारे पाणी उपसून उन्हात आटवतात, आणि तेही जगातल्या अतिकोरड्या प्रदेशात. व्यासभाष्यातला हिंसेचा दोष इथे दूर देशात, नजरेआड घडतो. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट आणि निकेल नसतात, ती सहज पेट घेत नाही आणि तीन हजारांच्या आसपास चक्रे टिकते. वजन थोडे अधिक असले तरी निवड याच प्रकाराची करावी. लिथियमचा भार मात्र दोन्हींत राहतो आणि तो कमी करण्याचा साधा उपाय लहान पेटी हाच आहे.

हिंसेचे एक रूप अगदी जवळचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या पावसांत भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी या भागांत झाडे काजव्यांनी भरून जातात आणि ते पाहायला माणसांची गर्दी होते. काजव्याचा प्रकाश ही त्याची हाक आहे. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते आणि त्यावर पुढची पिढी अवलंबून असते. तंबूबाहेर लावलेल्या प्रखर पांढऱ्या दिव्यात ती हाक बुडते. भरपूर वीज हाताशी असली की दिवा रात्रभर जळतो; मोजकी असली की झोपताना विझवला जातो. पेट्रोल जनरेटरचा धूर आणि आवाज सौर पेटीने थांबतो, हा तिचा निर्विवाद गुण आहे. पण धूर नाही म्हणजे इजा नाही, हा समज काजव्यांच्या रानात खोटा ठरतो.

राखण आणि नाश हे दोन दोष थोडक्यात सांगता येतील. बॅटरी न वापरताही म्हातारी होते. वर्षातून वीस-पंचवीस रात्री बाहेर काढणाऱ्याला तीन हजार चक्रे कधीच पुरी करता येणार नाहीत. पेटी त्याआधी वयानेच थकेल. तोवर ती थंड, कोरड्या जागी, निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी लागते, काही महिन्यांनी पुन्हा भरून घ्यावी लागते आणि लिथियम बॅटरी शून्याखालच्या तापमानात भरता येत नाही हे हिमालयात जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते. कपाटात पडून झिजणारी मोठी पेटी हा परिग्रहाचा शुद्ध नमुना आहे. गिर्यारोहण मंडळाने किंवा चार घरांनी मिळून एक घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे. हजार वॉट-तासांची पेटी १२ ते १५ किलोची असते. पायवाटेच्या गडावर ती कोणाच्या पाठीवरून जाणार, हेही आधीच ठरवायला हवे.

मर्यादा एकट्याने पाळणे अवघड असते. अमेरिकेतील जुन्या वळणाच्या आमिश ख्रिस्ती समाजाचा अनुभव इथे बोलका आहे. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातल्या आमिशांनी १९२० च्या सुमारास सार्वजनिक वीजवाहिनी घरात न आणण्याचे ठरवले. बॅटरी मात्र चालू दिली. विजेत पाप आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. तार घरात आली की बाहेरचे जग तिच्यावाटे येणार आणि कुटुंब-समाजाची वीण सैल होणार, ही त्यांची चिंता होती. आज अनेक आमिश वस्त्यांत सौर पॅनेलवर बॅटऱ्या भरल्या जातात आणि नेमके काय चालेल, हे प्रत्येक मंडळी आपल्या नियमांनुसार ठरवते. त्यांचा प्रत्येक निर्णय पटण्याची गरज नाही. साधन स्वीकारण्याआधी ते आपल्या जगण्याचे काय करील, हे चारचौघांत बसून विचारण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

अपरिग्रहाचा अर्थ स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराची हेळसांड असा मात्र कोणी लावू नये. झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णाचे सीपॅप यंत्र रात्रभर चालावे लागते आणि आर्द्रता-यंत्रणा चालू असली की ते बरीच अधिक वीज घेते. दुर्गम पाड्यावर लशी किंवा न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राखायचे तर छोटा कॉम्प्रेसर फ्रिज लागतो आणि त्याला दिवसाला ३०० ते ५०० वॉट-तास पुरवावे लागतात. इथे हजार वॉट-तासांची पेटी ही चैन नाही. तिथे काटकसर सुचवणे हाच दोष होईल.

पॅनेलची निवडही याच विचाराने करता येते. शंभर वॉटचे पॅनेल प्रत्यक्षात ६० ते ७५ वॉट देते, आणि महाराष्ट्रातल्या स्वच्छ दिवशी त्यातून ३०० ते ३५० वॉट-तास मिळतात. ते दक्षिणेकडे, सुमारे २० अंश कलते ठेवावे. तापले की त्याची क्षमता घटते, म्हणून खालून हवा खेळती हवी. आषाढात ढगांमुळे हे उत्पन्न निम्म्याहूनही खाली येते, त्यामुळे वारीच्या वाटेवर पॅनेलच्या भरवशावर राहता येत नाही. पेटी आधी भरून घ्यावी लागते. एका दिवसाच्या उन्हात जेवढे मिळते तेवढ्यात एक दिवस भागवणे आणि ढगाळ दिवसासाठी एका दिवसाचा साठा ठेवणे, ही गृहस्थासाठी न्याय्य हद्द मानता येईल. मधमाशीपेक्षा ती सैल आहे, पण संसारी माणसाला पाळता येण्यासारखी आहे.

या हद्दीत एकट्या-दुकट्याला २५० वॉट-तासांची, चौघांच्या कुटुंबाला ५०० ची आणि शेतघराला किंवा रुग्णाच्या सोबतीला १००० ची पेटी पुरते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा आणि पॅनेलचा व्होल्टेज पेटीच्या कमाल मर्यादेखाली असल्याची खात्री करावी. यांतली कोणतीही पेटी प्रवासी विमानात नेता येत नाही, कारण तिथे १०० वॉट-तासांपर्यंतची आणि कंपनीच्या परवानगीने १६० पर्यंतचीच बॅटरी चालते. आयुष्य संपलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे वापरणाऱ्याचे काम आहे.