ऐक्याचे ऋण

एका राज्यात, एका भाषेच्या छत्राखाली नांदणाऱ्या लोकांपैकी काही जण म्हणू लागले, "आम्हांला निराळे होऊ द्या," तर ऐक्याचा पुरस्कार करणाऱ्याने त्यांना कोणत्या आधारावर "थांबा" म्हणावे? प्रश्न वरवर राजकारणाचा दिसतो. मुळात तो नीतीचा आहे. विदर्भाच्या मागणीच्या निमित्ताने त्याचा विचार करताना प्रस्तुत लेखक संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचा आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु आपली बाजू खरी वाटणे आणि ती मांडण्याचा अधिकार आपणांस असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

ऐक्यवाद्याचा नेहमीचा युक्तिवाद भाषेचा असतो. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' विदर्भातील ऋद्धपूरचा. मग विदर्भ मराठी राज्याबाहेर कसा राहील? हा युक्तिवाद मनाला भिडतो, पण तो पुरेसा नाही. आंध्र आणि तेलंगण यांची भाषा एकच होती. १९५६ साली दोहोंच्या नेत्यांत नोकऱ्या, निधी आणि सत्तेतील वाटा यांविषयी करार झाला आणि एक राज्य उभे राहिले. तो करार पाळला गेला नाही, ही तक्रार तेलंगणात पिढ्यानपिढ्या धुमसत राहिली आणि २ जून २०१४ रोजी राज्य दुभंगले. भाषेने जोडलेले मोडलेल्या शब्दाने तुटते, हा त्यातील धडा आहे.

आपल्याकडेही शब्द दिला गेला होता. १९५५ साली फाजल अली आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे निराळे विदर्भ राज्य सुचविले होते. ती शिफारस बाजूला पडली आणि विदर्भ प्रथम १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. तत्पूर्वी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला होता. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि धंदेशिक्षणातील प्रवेश, तसेच वर्षातून विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपुरास, असे त्यात मान्य झाले. पुढे घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदात विकास मंडळांची तरतूद आली. तात्पर्य, विदर्भ केवळ भाषेच्या ओढीने आला नाही. तो वचनावर विसंबून आला.

त्या वचनाचा हिशेब १९८४ साली दांडेकर समितीने मांडला. सिंचन, रस्ते, शिक्षण इत्यादी क्षेत्रांत राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा निघाला. त्यातील सुमारे १२४६ कोटी एकट्या विदर्भाचे. विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ साली, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा ती वेळीच वाढविली गेली नाही. नागपूरचे अधिवेशन बहुधा दरवर्षी भरते, परंतु ते उरकण्याची घाई सर्वांनाच असते.

यावर विभक्ततेचा पुरस्कर्ता म्हणतो: कोळसा आमचा, वीज आमची, कापूस आमचा, मग हिशेब दुसऱ्याच्या हाती का? त्याला माझे उत्तर असे. कापसाला भाव मिळवून देण्याची किमया सीमारेषेत नाही. शिवाय अनुशेष हे एक ऋण आहे आणि ऋणकोचे घर सोडून निघणाऱ्याचा तगादा दुबळा होतो. राज्यांची वाटणी होते तेव्हा इमारती, रोकड आणि कर्जे वाटली जातात. परंतु न खोदलेल्या कालव्याचा वाटा कोणत्या रकान्यात मांडणार? मुंबईच्या महसुलावर आज नागपूरच्या शेतकऱ्याचा जो हक्क आहे, तो निराळे झाल्यावर उरणार नाही.

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. पण तो करणारा कोण, यावर त्याची किंमत ठरते. ऋणकोनेच धनकोला सांगावे की संबंध तोडलास तर तुझे पैसे बुडतील, हे तर्काला धरून असले तरी शोभणारे नाही. हप्ते फेडणाऱ्याच्या तोंडी तो सल्ला असतो. न फेडणाऱ्याच्या तोंडी तीच धमकी होते.

स्कॉटलंडचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १७०७ पासून इंग्लंडशी जोडलेल्या त्या देशाने १८ सप्टेंबर २०१४ रोजी सुमारे ५५ टक्के मतांनी एकत्र राहण्याचे ठरविले. मतदानाच्या तोंडावर ब्रिटिश पक्षनेत्यांनी अधिक अधिकारांचे वचन दिले होते आणि २०१६ मध्ये त्यानुसार कायदाही झाला. परंतु ब्रिटनबरोबर राहिल्यानेच युरोपीय संघातील स्थान टिकेल, हेही ऐक्यवाद्यांनी सांगितले होते. २०१६ मध्ये ६२ टक्के स्कॉटिश मते संघात राहण्याच्या बाजूने पडली, तरी २०२० साली स्कॉटलंडला बाहेर पडावे लागले. आणि मिटलेला वाद पुन्हा उघडला. मतमोजणीने मिळालेले ऐक्यही शब्द पाळण्यावाचून टिकत नाही.

येथे बंगळुरात राहून हाच प्रश्न शेजाऱ्याच्या घरातही दिसतो. उत्तर कर्नाटकाच्या तक्रारींवर उपाय म्हणून नंजुंडप्पा समिती झाली, हैदराबाद-कर्नाटकासाठी घटनेत ३७१ (ञ) अनुच्छेद आला, बेळगावात विधानसौध उभारले गेले. (बेळगावचा आपला प्रश्न निराळा, तो येथे बाजूला ठेवतो.) राजधानीपासून दूर असलेल्यांचे दुःख सर्वत्र सारखेच असते.

आपण महाराष्ट्राबाहेर नोकरी करणारी माणसे ऐक्याविषयी जरा सहजच बोलतो. इकडे वऱ्हाडचा आणि कोल्हापूरचा एका पंगतीस बसतो. कानडी शेजाऱ्याला दोघेही केवळ 'मराठी'. परमुलखात ऐक्य फुकट मिळते, कारण तेथे आपसांत वाटून घेण्याजोगे काही नसते. स्वगृही मात्र त्याचे मोल मोजावे लागते: या जिल्ह्याचा निधी त्या जिल्ह्यास देऊन, आपल्या गावचा रस्ता एक वर्ष लांबवून. ज्याची ही तयारी नाही, त्याने संयुक्त महाराष्ट्राचा जयघोष करू नये. माझ्यासारख्या ऐक्यवाद्याने विदर्भाला "थांबा" म्हणण्यापूर्वी पुणे-मुंबईला "द्या" म्हटले पाहिजे, आणि तेही तितक्याच मोठ्याने.