दिंडी आणि अडसर

जुन्या वाड्यात रात्री मोठा दरवाजा बंद असे. ये-जा चाले ती त्यातल्या छोट्या दिंडीतून, तीही वाकून. वाकून आत येणारा माणूस एकदम झडप घालू शकत नाही, आणि देवडीवर बसलेल्या पहारेकऱ्याला तो आधी दिसतो. दाराला आतून लाकडी अडसर. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर तर हत्तीची धडक थोपवायला टोकदार खिळे ठोकले आहेत.

या साऱ्यात मला मोलाची वाटते ती देवडी, म्हणजे जागं माणूस. आज आपण दाराला सेफ्टी डोअर लावतो, पण शेजारच्या घरात कोण राहतं हे ठाऊक नसतं. गावी जाताना किल्ली पायपुसण्याखाली ठेवतो, प्रवासाचे फोटो त्याच दिवशी जगाला दाखवतो.

आणखी एक काळजी. खिडक्यांना पक्की ग्रिल बसवताना एक तरी उघडणारी ठेवा. आग लागली तर तीच सुटकेची वाट. तिची किल्ली कुठे असते, हे मुलांनाही माहीत हवं. घरात आजी-आजोबा एकटे असतील तर 112 हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक त्यांच्या फोनजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवा, आणि त्याखाली शेजाऱ्यांचा.