संकटात आधी कोणाचा आवाज?



अर्विंगमध्ये वसंत आला की वादळांचे दिवस सुरू होतात. सायरन वाजला की आपण मुलाबाळांना घेऊन घराच्या आतल्या खोलीत जातो. त्याच वेळी काही माणसे बाहेर उभी राहून ढगांकडे पाहत असतात. ही हॅम रेडिओवाली, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी माणसे. रडारचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच होत जातो, त्यामुळे ढगाच्या तळाशी काय चालले आहे ते त्याला नीट दिसत नाही. ‘स्कायवॉर्न’चे हे प्रशिक्षित स्वयंसेवक गारांचा आकार, गोल फिरणारा ढग, पडलेली झाडे डोळ्यांनी पाहून कळवतात. ती माहिती फोर्ट वर्थच्या हवामान कार्यालयाकडे जाते. मोबाईल बंद पडला, वीज गेली, तरी बॅटरीवर यांचे काम चालू राहते.

या सेवेचे पैसे घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषेत बोलण्यासही बंदी आहे. बोलणाऱ्याला दर दहा मिनिटांनी आपले कॉलसाइन सांगावे लागते, आणि कॉलसाइनला आडनाव नसते. आडनावावरून माणूस जोखणारा समाज मागे सोडून आलेल्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण मला विचार करायला लावले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. हे लोक निरोप पुढे पाठवताना त्यांची प्रतवारी लावतात: जिवावर बेतलेला, तातडीचा, ख्यालीखुशालीचा, साधा. निरोप कोणाचा आहे यावर क्रम ठरत नाही, गरज किती आहे यावर ठरतो. आता २००४ ची त्सुनामी आठवा. तामिळनाडूत दलित कुटुंबांना मदत छावण्यांत आणि पिण्याच्या पाण्यावरही भेदभाव सोसावा लागला. लाट सर्वांना सारखी होती, मदतीची रांग सारखी नव्हती.

म्हणून आपल्यातले काही जण म्हणतात, “आपण आधी आपल्या माणसांचे पाहू.” हे म्हणणे मला स्वार्थी वाटत नाही. ते अनुभवातून आले आहे, आणि गावाकडे पैसे पाठवणे थांबवा असे कोणी म्हणू नये. तरी ते अपुरे आहे. नियम कितीही चांगला असला तरी निरोपावर ‘तातडीचा’ लिहिणारा हात माणसाचाच असतो. त्या खुर्चीत आपण कधीच बसलो नाही, तर न्याय्य क्रमाची मागणी कोणाकडे करणार? माणूस एकटाच असता तर त्याला धम्माची गरज नसती, दोन माणसे आली की धम्म लागतो, असे बाबासाहेबांनी समजावले. इथे तर दुसरा माणूस दिसतही नाही. मैत्रीची खरी परीक्षा मला तिथेच वाटते.

आपण दान म्हटले की पाकीट काढतो. कान देणे, रात्र देणे, पाहिले तेवढेच सांगणे हेही दान आहे, आणि त्यातले शेवटचे सम्यक वाचाही आहे. घाबरून चार गारांच्या चाळीस केल्या, तर खरी गरज असलेला मागे पडतो.

परवान्याची पहिली परीक्षा ३५ प्रश्नांची, २६ बरोबर आले की उत्तीर्ण. मोर्स कोडची अट २००७ मध्ये गेली. अमेरिकन नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनाही बसता येते. वादळ ओळखण्याचे हवामान खात्याचे वर्ग तर मोफत असतात आणि त्यांना परवानाही लागत नाही. पुढच्या वर्गाला मी जाणार आहे. कोणी सोबत येणार असेल तर रविवारी वंदनेनंतर भेटा.