पावसाळ्यातला रबाब

आषाढात रामनगरला गंगेवरून येणारं वारं इतकं ओलं असतं, की तबलजीला घडीघडी हातोडी उचलावी लागते. गठ्ठे ठोकून तबला सुरात आणावा, चार आवर्तनं वाजवावीत, तोवर पुडी पुन्हा उतरलेली असते. चामड्याच्या जोरावर बोलणाऱ्या प्रत्येक वाद्याची पावसाळ्यात हीच गत. काशीनरेशांच्या दरबारात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एक नवं वाद्य जन्माला आलं, तेही याच अडचणीतून, असं परंपरा सांगते.

गादीवर महाराज उदितनारायण सिंह (कारकीर्द १७९५ ते १८३५) होते. रामनगरची रामलीला, जी आजही ध्वनिवर्धकाशिवाय होते, ती त्यांच्याच काळात बहरली. कान देऊन ऐकणाऱ्यांचा तो दरबार होता. तिथे तानसेनाच्या वंशातले जाफर खाँ रबाब वाजवत. रबाबाचं पोट चामड्यानं मढवलेलं, तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. ऐन पावसात त्यांचं आणि बीन म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे निर्मल शाह यांचं वादन झालं. बीनेचा स्वर छेडल्यावर लांबत राहिला, त्यातून पुढचा स्वर उमलत गेला. सैलावलेल्या चामड्यावर रबाबाचा स्वर मात्र उमटता उमटता विरत होता. जाफर खाँनी महाराजांकडे मुदत मागितली आणि परतले ते नवं वाद्य घेऊन. चामड्याच्या जागी लाकडी तबली, तातीच्या जागी धातूच्या तारा, बोटांखाली धातूची गुळगुळीत पट्टी. हाच सूरसिंगार. काहीजण याचं श्रेय त्यांचे भाऊ प्यार खाँ यांना देतात. श्रेय कुणाचंही असो, मला या गोष्टीत खिळवून ठेवतो तो तिथला कलावंताचा कान.

जाफर खाँना हवामानाला दोष देता आला असता, आणि तो खराही ठरला असता. रियाज वाढवता आला असता. पण सैल चामड्यावर रियाजाचं काही चालत नाही. बीन हाती घेता आली असती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. दुसऱ्याचं वादन त्यांनी इतकं नीट ऐकलं, की आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते त्यांच्या ध्यानात आलं. कमी पडत होती ती आस, म्हणजे छेडल्यानंतरही स्वराचं लांबत राहणं. बीनकाराचे आलाप त्यांनी उचलले नाहीत, आस तेवढी घेतली, आणि तिच्यासाठी स्वतःच्या वाद्याचं पोट उघडलं.

थोर कलावंतांची चरित्रं आपण अशी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं. आपल्या हाती लागतात ते रियाजाचे तास, छताला बांधलेली शेंडी, गुरूचा मार आणि मैफलीतला राग. बनारसचे तबलावादक अनोखेलाल मिश्र यांच्या ‘ना धिं धिं ना’बद्दल सांगताना लोक वेगाचं कौतुक करतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की शिकाऊ मुलाला पहिल्या काही दिवसांत मिळणारा साधा ठेका त्यांनी आयुष्यभराच्या अभ्यासासाठी निवडला आणि लय कितीही चढली तरी अक्षर मळू दिलं नाही. तास मोजणाऱ्याला ही निवड दिसत नाही.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाची धुरा एकेकाळी प्रा. बी. आर. देवधर यांनी सांभाळली. ‘थोर संगीतकार’ हे कलावंतांच्या चरित्रांचं पुस्तक मराठी वाचकाला देणारे ते हेच. त्यांचे शिष्य कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिकांवरच्या गवयांची हुबेहूब नक्कल करत. ज्याला सगळ्यांसारखं गाता येत होतं, त्याला स्वतःसारखं गायला केवढा प्रवास करावा लागला! १९४७च्या सुमारास क्षयानं ते देवासला अंथरुणाला खिळले. माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कानावर पडत राहिली, आणि पुढे गळा मोकळा झाला तेव्हा फुप्फुसात जेवढा दम उरला होता त्याच्याच मापानं गाणं नव्यानं बेतलं गेलं. नंतरच्या कित्येकांनी ते छोटे, झपकन उठणारे स्वरसमूह उचलले. दोन्ही फुप्फुसं धडधाकट असलेला तरुण तसं तुटक गातो तेव्हा माझा जीव हळहळतो. एका गरजेतून आलेलं उत्तर त्यानं घेतलेलं असतं, आणि त्याची स्वतःची गरज विचारायची राहून गेलेली असते.

मी सतार वाजवते, त्यामुळे विलायत खाँसाहेबांच्या चरित्राकडे पुनःपुन्हा वळते. वडील इनायत खाँ गेले तेव्हा ते दहाएक वर्षांचे होते. पुढचं बरंच शिक्षण आईच्या माहेरी झालं, आणि ते घर गवयांचं. मुलाचा ओढा गाण्याकडे, तर आईचा आग्रह, की सतारियांच्या घरातल्या मुलानं सतारच वाजवावी. दाबून ठेवलेलं ते गाणं सतारीत उतरलं. लांब मींड, म्हणजे तार ओढत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं, पेलावी म्हणून त्यांनी कारागिरांकडून वाद्य मजबूत करून घेतलं, तारांची मांडणी बदलली. त्यांची तान गिरवायला सगळेच बसतात. मला त्या चरित्रातून मिळालं ते वेगळंच: कुठलीही जागा वाजवण्याआधी ती गाऊन पाहायची. यमनात निषादावरून रिषभ घेऊन गंधाराला जाताना गळा रिषभावर नकळत किंचित टेकतो. बोटाला ते टेकणं सुचत नाही, ते तार ओढून थेट गंधार गाठतं. गाऊन घेतलं की तीच मींड मधे विसावते. माझा आवाज सामान्य आहे, पण श्वास कुठे संपतो ते सांगायला तो पुरतो.

सूरसिंगार आज क्वचितच ऐकू येतो. पण जाफर खाँचे धाकटे बंधू बासत खाँ यांच्याकडे सरोदवादक नियामतुल्ला खाँ शिकले. तेव्हाच्या सरोदाला लाकडी पट्टी आणि तातीच्या तारा असत. त्या जागी धातू आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. गुरुघराकडून त्यांनी पट्टी घेतली, तारा घेतल्या. पोटावरचं चामडं मात्र त्यांनी तसंच राहू दिलं, कारण सरोदाचा टणत्कार त्या चामड्यातच आहे.